फियाट डिलाइटचे १०८९ सीसी इंजिन आणि अस्सल भागांचा शोध: एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील गाडी १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. पहिल्या नोंदणीपासून ती साताऱ्यातील एकाच कुटुंबाकडे आहे, आणि आरसी पुस्तकात लिहिलेला इंजिन क्रमांक आजही ब्लॉकवर स्पष्ट वाचता येतो. गेली काही वर्षे ती शेडमध्ये उभी होती. इंजिन सुरू होत असे, पण धूर निळा येई, आणि गरम झाल्यावर ऑइलचा दाब इतका खाली जाई की ती घाटात नेण्याचे धाडस कोणी करत नव्हते. इंजिन पूर्ण उघडून बांधायचे आणि त्यात शक्य तेवढे मूळचेच भाग वापरायचे, असे मालकांनी २०२४ च्या सुरुवातीला ठरवले. मोजमापे आणि नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे होते.

काम सुरू होण्यापूर्वी जो भेटला त्याने एकच सांगितले, की फियाटच्या सुट्या भागांना काय तोटा, मुंबईत टॅक्सीचे ढिगाने पडले असतील. या समजुतीला इतिहासाचा आधार आहे. ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) असलेले हे १०८९ सीसी इंजिन इटलीत १९३७ च्या बालिला ११०० या गाडीत आले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली, १९६४ मध्ये डिलाइट आली, पुढे ती प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. भारतात बोअर आणि स्ट्रोकची मापे या सर्व काळात बदलली नाहीत. साठ वर्षांहून अधिक काळ चाललेल्या आणि एका महानगराची टॅक्सी झालेल्या इंजिनाचे भाग दुर्मीळ कसे असतील, हा प्रश्न म्हणूनच रास्त वाटतो. त्याचे उत्तर मात्र साधे निघाले नाही.

इंजिन उघडल्यावर

ब्लॉकची चारही सिलिंडरे पूर्वी एकदा बोअर करून ०.४० मिलिमीटर ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढी रुंद, केलेली होती. त्यानंतरची झीज पाहता ०.६० चे पिस्टन घालून काम भागले असते, पण तिसऱ्या सिलिंडरमध्ये पाणी उतरून गंजाचे खड्डे पडले होते आणि ते ०.६० ला साफ निघणार नाहीत हे डायल गेजने स्पष्ट केले. क्रँकचे मेन जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग, ‘वीस’ साइजवर, म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाच्या वीस सहस्रांशाने (०.५०८ मिलिमीटरने) कमी केलेले होते, आणि एका बिग एंडवर, म्हणजे कनेक्टिंग रॉड जोडला जातो त्या जर्नलवर, खोल चरे होते. ॲल्युमिनियमचे हेड पाण्याच्या वाटांभोवती खाल्ले गेले होते. कार्ब्युरेटर मूळचा सोलेक्स नव्हता, कोणीतरी दुसऱ्याच गाडीचा बसवला होता. यांत्रिक पेट्रोल पंपाच्या जागी पत्र्याची पट्टी ठोकून इलेक्ट्रिक पंप लावला होता आणि प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर स्थानिक बनावटीचा होता. टायमिंग चेन सैल झाली होती, कॅमच्या रेट्याने व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटपैकी दोघांच्या तोंडावर खड्डे होते. कॅमशाफ्ट चांगली निघाली.

यादी तयार झाल्यावर पहिला वाद ‘अस्सल’ कशाला म्हणायचे यावरून झाला. तो टाळता येत नाही, कारण बाजारात प्रत्येक दुकानदार आपला माल ओरिजिनलच म्हणतो. डिलाइटच्या बाबतीत या शब्दाखाली निदान तीन गोष्टी येतात. सुरुवातीच्या काळात सुटे भाग इटलीहून येत, त्यांवर फियाटची खूण असे. नंतर प्रीमियरच्या डब्यातून विकला जाणारा, कारखान्याने तपासलेला माल आला. आणि पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंग, प्लग यांसारखे भाग बनवणाऱ्या इंडिया पिस्टन्स, गोएत्झे, राणे, बायमेटल बेअरिंग्ज, मायको, लुकास-टीव्हीएस अशा भारतीय कंपन्यांचा, त्यांच्या स्वतःच्या डब्यातला माल हा तिसरा. मालकांच्या मनात प्रीमियरचा डबा म्हणजेच अस्सल, असे पक्के होते. माझे मत वेगळे होते आणि आजही तेच आहे: ज्या कारखान्यात पिस्टन ओतला गेला तो नामांकित असेल आणि भाग याच इंजिनासाठी बनला असेल, तर वरचा डबा कोणाचा यावर फार अडून बसू नये. या तिन्हींच्या बाहेर उरतो तो लोकल माल. तो सगळाच वाईट असतो असे नाही, पण त्याच्या मापाची खात्री देणारे कोणी नसते.

इटलीहून आलेला संच

मालकांनी आम्हाला न विचारता पहिले पाऊल उचलले. ‘फियाट ११०० डी’ असे लिहिलेला नवा पिस्टन संच त्यांनी युरोपातील एका विक्रेत्याकडून मागवला. डिलाइट ही ११०० डीचीच भारतीय आवृत्ती, तेव्हा यात चूक होण्यासारखे काही दिसत नव्हते. संच आला, बांधणी उत्तम होती, धातूही उत्तम होता, आणि मायक्रोमीटर लावल्यावर व्यास ७२ मिलिमीटरच्या आसपास भरला.

कारण असे, की इटलीत ११०० डी आली तेव्हा फियाटने तिचा बोअर ७२ पर्यंत वाढवला आणि इंजिन १२२१ सीसी केले. भारतात मात्र त्याच बॉडीखाली जुने १०८९ सीसीचे इंजिन राहिले. बॉडीचे भाग मागवताना जे नाव उपयोगी पडते तेच इंजिनाचे भाग मागवताना फसवते. आणखी गोंधळ म्हणजे इटलीत १९६६ साली आलेल्या ११०० आर या पुढच्या आवृत्तीत फियाट पुन्हा १०८९ सीसीवर परतली. म्हणजे इटालियन बाजारात ६८ मिलिमीटरचा पिस्टन हवा असेल तर ११०० डी सोडून तिच्या आधीच्या किंवा नंतरच्या गाडीचा शोधावा लागतो, आणि तो मिळाला तरी पिस्टनच्या डोक्याचा आकार, गजन पिनची (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) उंची व जाडी जुळते का हे पाहावे लागते, कारण दोन्ही देशांत कॉम्प्रेशन सारखेच ठेवलेले असेल असे गृहीत धरता येत नाही.

गॅरेजातल्या एकाने सुचवले की ब्लॉक ७२ पर्यंत बोअर करून हाच संच बसवावा, गाडीला थोडी ताकदही येईल. तांत्रिकदृष्ट्या हा विचार अगदी टाकाऊ नाही. पण मग आरसी पुस्तकात १०८९ सीसी लिहिलेल्या गाडीत १२२१ सीसीचे इंजिन झाले असते आणि ज्या अस्सलपणासाठी सगळा खटाटोप चालला होता तोच संपला असता. संच परत गेला. येण्याजाण्याचे भाडे आणि कस्टम ड्युटी मात्र मालकांच्या अंगावर पडली.

मुंबईत काय मिळाले

टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी गेली. आम्ही बाजारात उतरलो तेव्हा या घटनेला फार दिवस झाले नव्हते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारवाल्यांकडे, ऑपेरा हाउसजवळच्या स्पेअरच्या दुकानांत आणि चोरबाजारात चौकशी करताना एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. टॅक्सीवाल्याला अस्सलपणाचे सोयरसुतक नव्हते, त्याला उद्या सकाळी गाडी धंद्यावर हवी असे. त्यामुळे टॅक्सीच्या जिवावर जो माल मुबलक होता तो बहुतांशी स्वस्त, स्थानिक बनावटीचा होता. टॅक्सी बंद झाल्यावर त्याचाही खप गेला, आणि दुकानदारांनी जागा दुसऱ्या गाड्यांच्या मालाला दिली. भंगारात आलेल्या गाडीचे हेड ॲल्युमिनियमच्या भावाने वजनावर जाते आणि ब्लॉक बिडाच्या भट्टीत. हौशी माणूस येईल म्हणून कोणी ते जपून ठेवत नाही.

टॅक्सीतून काढलेल्या भागांबाबत आणखी एक सावधगिरी लागते. मुंबईच्या टॅक्सी दीर्घकाळ सीएनजीवर धावल्या. कोरड्या गॅसवर चालणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीटा (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्या) लवकर झिजून खोल जातात, म्हणून असे हेड बाहेरून कितीही नीट दिसले तरी सीटा किती खोल गेल्या आहेत हे मोजल्याशिवाय घेऊ नये. आम्हाला दाखवलेल्या हेडांपैकी एकही घेण्याच्या लायकीचे नव्हते.

कुर्ल्याच्या एका वृद्ध दुकानदाराने मात्र आम्हाला योग्य प्रश्न विचारला. पिस्टन हवा म्हटल्यावर ते म्हणाले, “साइज कुठली? साठ असेल तर विसरा. स्टँडर्ड असेल तर जिल्ह्याच्या गावात विचारा, मुंबईत आता काही राहिलेले नाही.”

या प्रकरणाचे मर्म त्या दोन वाक्यांत होते. इंजिन जुने होत जाते तशी त्याची मागणी ०.२० कडून ०.४० कडे, तिथून ०.६० कडे सरकते. चांगल्या कंपनीचे ओव्हरसाइज पिस्टन सर्वांत आधी संपतात आणि कंपनीने ते बनवणे थांबवल्यावर पुन्हा येत नाहीत. दुकानात मागे राहतो तो स्टँडर्ड साइजचा माल, कारण उत्पादन थांबेपर्यंत रस्त्यावरची जवळपास सगळी इंजिने त्या मापाच्या पुढे गेलेली असतात. आम्ही झिजलेल्या इंजिनाला लागेल असा भाग शोधत होतो. बाजारात शिल्लक होता तो न झिजलेल्या इंजिनाला लागणारा.

माप मागे नेणे

तिसरे सिलिंडर ०.६० ला साफ होणार नव्हतेच, म्हणजे निदान एका ठिकाणी लायनर (सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळी) घालणे अटळ होते. एकात घालायचे तर चारही सिलिंडरांत घालून बोअर पुन्हा ६८ मिलिमीटरवर आणावा आणि स्टँडर्ड पिस्टन वापरावेत, असा निर्णय झाला. यातून शोधाची दिशाच बदलली. इंजिनाला साजेसा भाग शोधण्याऐवजी मिळेल त्या चांगल्या भागाला साजेसे इंजिन करून घ्यायचे होते.

स्टँडर्ड साइजचा न वापरलेला पिस्टन संच कोल्हापुरातील एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर निघाला. तो नामांकित भारतीय कंपनीचा होता आणि कंपनीच्याच डब्यात होता. ज्या गावांत फियाट मुख्यतः डॉक्टर, वकील आणि व्यापाऱ्यांच्या घरी असे आणि टॅक्सी म्हणून फारशी चालली नाही, तिथे मालाची उलाढाल मंद राहिली आणि म्हणून तो टिकला. सांगली, सोलापूर, कोल्हापूर या गावांतील जुनी दुकाने मुंबईच्या आधी पाहावीत असे मी आता कोणालाही सांगेन.

डबा अस्सल असला म्हणजे आतला माल अस्सल असतोच असे नाही, कारण जुने रिकामे डबेही विकले जातात. तरीही डब्यावरचा पत्ता बरेच सांगून जातो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, तेव्हा पत्त्यात पिनकोड असेल तर डबा त्यानंतरचा. शहर ‘बॉम्बे’ लिहिले असेल तर छपाई बहुधा १९९५ पूर्वीची, ‘मद्रास’ असेल तर १९९६ पूर्वीची, आणि प्लगच्या डब्यावर मायको असेल तर २००८ पूर्वीची, कारण त्या वर्षी मायकोची बॉश लिमिटेड झाली. आमच्या डब्यावर मद्रास आणि पिनकोड दोन्ही होते, म्हणजे माल पद्मिनीच्या काळातला ठरला. मालक थोडे हिरमुसले, त्यांना गाडीच्या वयाचा संच हवा होता. पण पिस्टनचा व्यास, पिनचे छिद्र, पिनपासून डोक्यापर्यंतची उंची आणि रिंगांच्या खाचा हे सर्व काढलेल्या जुन्या पिस्टनशी ताडून पाहिल्यावर त्यांचा आक्षेप राहिला नाही. चारही पिस्टन आम्ही एका ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलले. फरक दोन ग्रॅमच्या आत होता. मुंबईत दाखवलेल्या एका लोकल संचात डोळ्यांना कळेल इतका फरक होता, दोन पिस्टनच्या आतल्या ओतकामाची जाडीच वेगळी होती.

लायनरचे काम कोल्हापुरातच झाले. तिथले बिडाचे कारखाने आणि शिवाजी उद्यमनगरातली लेथची परंपरा पाहता ते काम दुसरीकडे नेण्याचे कारण नव्हते. आधी ब्लॉकच्या भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने जागोजागी मोजली, कारण आतून गंजलेल्या ब्लॉकमध्ये लायनरसाठी बोअर करताना भिंत फुटली तर मूळ क्रमांकाचे इंजिनच हातचे जाते. दीड मिलिमीटर जाडीचे लायनर दाबून बसवल्यावर बोअरिंग आणि शेवटी होनिंग, म्हणजे दगडाने बारीक घासून माप आणणे, झाले. ते करताना कारागिराने ६८ या आकड्यावर न थांबता प्रत्येक पिस्टन वेगळा मोजून त्याचे सिलिंडर त्याच्या बेताने होन केले. फियाटच्या कारखान्यातही सिलिंडर आणि पिस्टन शतांश मिलिमीटरच्या फरकाने वर्ग पाडून जुळवत. इथे तेच हाताने झाले.

क्रँकला ही युक्ती लागू पडत नाही. घासून कमी केलेले जर्नल पुन्हा जाड करायचे तर धातू चढवावा लागतो, आणि तसे क्रँक पुढे कधी तडकेल याचा नेम नसतो. म्हणून जर्नल ‘तीस’ साइजवर, म्हणजे ०.७६२ मिलिमीटर खाली घासून घेतले आणि बेअरिंगे हल्लीच्या उत्पादनातली, ओळखीच्या कंपनीची घेतली. जुन्या साठ्यातली बेअरिंगेही कोणीतरी देऊ केली होती. त्यांच्या पृष्ठभागावर काळसर डाग होते. चाळीस वर्षे दमट माळ्यावर राहिलेले बेअरिंग केवळ जुने म्हणून इंजिनात घालणे हा हट्ट महागात पडू शकतो, आणि इंजिन बंद केल्यावर ते कोणाला दिसणारही नसते.

हेड बदलण्याऐवजी दुरुस्त केले. खाल्लेल्या जागा आर्गन वेल्डिंगने भरून फेसिंग केले, आणि व्हॉल्व्हच्या सीटा व गाइड नवीन घातले. पेट्रोलमधले शिसे सीटांची झीज रोखत असे, आणि भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले असल्याने सीटांसाठी कठीण धातू निवडणे आवश्यक होते. मूळ सीटांचा आग्रह इथे कोणी धरला नाही.

मूळचे नको असलेले भाग

सोलेक्स कार्ब्युरेटरची बॉडी दिल्लीच्या काश्मिरी गेटहून आली. थ्रॉटलच्या दांड्याची भोके झिजून अंडाकृती झाली होती, त्यांत पितळी बुश बसवले. यांत्रिक पेट्रोल पंप सोलापुरात मिळाला, त्याच्यासोबत जुन्या साठ्यातला सीलबंद डायफ्रामही होता. मालकांना तो बसवायचा होता. पण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि साठ-सत्तरच्या दशकातले रबर व कापड त्यासाठी बनलेलेच नाही. ते आधी फुगते, मग चिरते, आणि गळलेले पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरून ऑइल पातळ करते. म्हणून पंपाची बॉडी मूळची ठेवून डायफ्राम, कार्ब्युरेटरची गॅस्केटे आणि पेट्रोलच्या नळ्या नव्या, इथेनॉल सहन करणाऱ्या घातल्या. हेडचे जुने तांबे-ॲस्बेस्टॉस गॅस्केट मिळत असूनही घेतले नाही. ॲस्बेस्टॉसची धूळ आणि वर्षानुवर्षांच्या घडीत पडलेली मोड, ही दोन्ही कारणे पुरेशी होती.

या कामाला कायद्याची बाजूही होती. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले चालत नाहीत. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते, आणि त्यानंतर प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व देखभाल अशा कारणांपुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते. हे शेवटचे बंधन मालकांना जाचक वाटते, म्हणून अर्ज करायचा की नाही हे त्यांनी अजून ठरवलेले नाही. तरीही मूळ क्रमांकाचा ब्लॉक वाचवणे आणि १०८९ सीसी कायम ठेवणे हे दोन्ही निर्णय या नियमाकडे पाहून घेतले होते. लायनर घालणे ही माझ्या मते दुरुस्ती आहे, फेरबदल नव्हे. पण तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना पटवता यावे म्हणून ब्लॉकची आधीची मोजमापे, बोअरिंगची पावती आणि काढलेल्या पिस्टनची छायाचित्रे एका फाइलीत लावून ठेवली आहेत.

इंजिन सध्या रनिंग-इनमध्ये, म्हणजे हळू चालवून रुळवण्याच्या टप्प्यात, आहे. गरम असतानाही ऑइलचा दाब समाधानकारक राहतो आणि धूर गेला आहे. टायमिंग चेन नवी बसली, खड्डे पडलेल्या दोन टॅपेटच्या जागी कुर्ल्याच्या भंगारातून निवडून, तोंडे घासून घेतलेली टॅपेट बसवली. राहिला आहे तो डिस्ट्रिब्युटर. बाजारात मिळणारे नग एकतर स्थानिक आहेत किंवा त्यांच्या दांड्यात इतका खेळ आहे की पॉइंटचे (ठिणगीसाठी उघडमीट करणारे संपर्क) अंतर स्थिर राहत नाही. सध्या स्थानिक नगालाच नवा बुश घालून काम चालवले आहे. कोल्हापूर आणि सांगलीच्या दुकानदारांकडे बॉडीवरचा क्रमांक, दांड्याची लांबी आणि कॅमच्या फिरण्याची दिशा लिहिलेला कागद ठेवला असून त्यावर गाडीचे नाव मुद्दाम सर्वांत खाली लिहिले आहे.